ताडपत्रीचं वाक्य

इंटरनेटवर माझं एक पान आहे. त्यावर वर्षानुवर्षं माझं नाव नव्हतं. "मावळातला एक प्रोग्रामर" एवढंच वर लिहिलेलं असायचं. कुणी विचारलंच तर मी सांगायचो की मत महत्त्वाचं, माणूस कोण हे महत्त्वाचं नाही. हे ऐकायला बरं वाटतं. खरं कारण वेगळं होतं. टाकवे बुद्रुकमध्ये आमचं घर लहान पोरही दाखवतं, आणि गावात राहून सगळ्या गोष्टींवर लेखी मत द्यायचं म्हणजे सकाळी दूध आणायला जायची पंचाईत.

पानाचे दोन भाग होते. पहिल्या भागात मी कामाला काय काय वापरतो त्याची यादी. तीही कोरडी नव्हती, कारण मला कोरडं लिहिता येत नाही. इंटरनेटची जोडणी एक नको, दोन कंपन्यांच्या दोन घ्या, कारण जेसीबीवाला केबल तोडताना कंपनी बघत नाही. इन्व्हर्टर घ्याल तर मोठा घ्या. हेडफोन असा घ्या की शेजारच्या लग्नातला डीजे परदेशातल्या साहेबाला ऐकू जाता कामा नये. लिहायला वीस वर्षांपूर्वीचा साधा एडिटर पुरतो, नव्यांच्या मागे लागू नका. हाताशी कागदाची वही ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे काही लिहाल त्याच्या प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवणारं साधन वापरा आणि ती नोंद कधी खोडू नका. चूक झाली तर खाली नवी नोंद करून चूक कबूल करा. या शेवटच्या सल्ल्यावर मी मोठा परिच्छेद लिहिला होता. माझ्या स्वतःच्या पानाची नोंदही उघडी होती, कुणीही बघावी. मला त्याचा अभिमान होता.

दुसरा भाग चालू घडामोडींचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, याचं ते तारीखवार संग्रहालय होतं. परीक्षांचे पेपर फुटतात त्यावर माझं मत. यंत्रं आमच्या नोकऱ्या खाणार त्यावर मत, आणि दोन महिन्यांनी खाणार नाहीत यावरही मत. डोंगर पोखरून बांधलेल्या पोहण्याच्या तलाववाल्या बंगल्यांवर तर चार-चार मतं.

आई गेल्यावर मी पुण्यातला फ्लॅट सोडून आबांसोबत राहायला गावी आलो. आबा म्हणजे माझे वडील. कंपनीने घरून काम करायची परवानगी दिली तेव्हा सगळे म्हणाले, सुटलास. मी सुटलो नव्हतो, फक्त कोंडण्याची जागा बदलली होती. सोमवार ते शुक्रवार दहा बाय बाराच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसायचं, आणि शनिवार-रविवार पर्यटकांच्या गाड्यांमुळे लोणावळ्याच्या बाजूला जायचं नाव काढायचं नाही. पाच दिवस खोलीत अडकायचं आणि दोन दिवस गावात. दोनदा गाडी काढून फाट्यावरून परत आणली आहे. त्या खोलीत बसून मी जी मतं लिहायचो ती बहुतेक वैतागातून आलेली असायची, पण वाचणाऱ्यांना ती विचारांतून आल्यासारखी वाटायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी मात्र जाणं भाग पडलं. लोणावळ्याच्या वर, धरणाच्या पलीकडच्या एका गावात नात्यातला साखरपुडा होता. आबा म्हणाले, आई असती तर गेली असती, तिच्या माहेरची माणसं आहेत. म्हणून गेलो. जाताना सकाळ होती, रस्ता मोकळा मिळाला. परत निघालो आणि धरणाच्या अलीकडच्या उतारावर गाडी उभी राहिली ती राहिलीच.

ज्यांनी ती गर्दी पाहिली नाही त्यांना ती सांगून कळायची नाही. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधून ओले होऊन नाचणारी माणसं, दोन्ही बाजूंना टपऱ्या खेटून उभ्या, भाजलेल्या कणसांचा धूर, आणि दार जेमतेम उघडेल एवढीच जागा. आबांचं वय बहात्तर. साखर आहे, त्यात प्रोस्टेटचा त्रास. पहिला तास त्यांनी कळ काढली. मग म्हणाले, "थांबव की कुटंतरी."

मी म्हणालो, "आबा, थांबलेलीच आहे."

मी हे हसत म्हणालो. त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं हसू गेलं.

पुढे वीसेक पावलांवर माझ्या मावशीची टपरी होती. ही आईची धाकटी बहीण. तिचं सासर तिथलंच, आणि नवरा गेल्यापासून चहा, भजी आणि कणसांच्या त्या टपरीवर तिचं घर चालतं. पावसाळ्यातले शनिवार-रविवार हेच तिचं पीक. तिने आमची गाडी ओळखली आणि छत्री न घेता आली. काचेतून आबांकडे एकदा बघितलं. मला काहीही विचारलं नाही. परत गेली, टपरीच्या बाजूची निळी ताडपत्री सोडून आणली, तिचं एक टोक विजेच्या खांबाला बांधलं आणि दुसरं दोन्ही हातांनी धरून आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. आबांना मी धरून त्या आडोशाला नेलं. तोवर थोडा उशीर झाला होता. तिकडून गिऱ्हाईक ओरडत होतं, "ओ मावशी, दोन प्लेट भजी." ती म्हणाली, "थांबा जरा, हात गुतलाय."

आबा बाहेर आले तेव्हा तिने स्वतःचा टॉवेल न बघता मागे केला. आबांनी तो घेतला. घरी पोचायला त्यानंतर अडीच तास लागले, आणि आबांनी वाटेत एकदाही मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या मीटिंगच्या आधी मी पानावर लिहिलं. मथळा दिला, "रस्ता कुणाचा?" त्यात एक वाक्य होतं: "काल एका सत्तरी ओलांडलेल्या माणसाला भर रस्त्यात, एका टपरीवाल्या बाईने धरलेल्या ताडपत्रीआड, अर्ध्या भिजल्या कपड्यांनी लघवीला उभं राहावं लागलं." आणि पुढचं वाक्य: "दोन्ही बाजूंच्या टपऱ्या उठवा, रस्ता आपोआप मोकळा होईल."

माझे वडील असं मी लिहिलं नाही. माझी मावशी असं लिहिलं नाही. रस्ता गाड्यांनी भरला होता, टपऱ्यांनी नव्हे, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण हजार गाड्या कोण अडवणार? टपऱ्या उठवणं सोपं. मत हे नेहमी सोप्या बाजूला घरंगळतं, आणि घरंगळताना जोर चढतो तो आपल्याला धैर्यासारखा वाटतो. लिहून झाल्यावर मला मोकळं वाटलं. मी मीटिंगला बसलो आणि चांगलं काम केलं.

ते लिखाण कुणीतरी ग्रुपवर टाकलं, तिथून दुसऱ्या ग्रुपवर गेलं. बंगलेवाल्यांच्या ग्रुपवर तर फारच आवडलं म्हणे. कुणीतरी ते कागदावर छापून एका अर्जाला जोडलं. महिन्याभरात त्या रस्त्यावरच्या टपऱ्यांना नोटीस लागली, सामान उचललं गेलं, आणि तुमचं काय म्हणणं आहे ते सांगायला या, असं टपरीवाल्यांना कार्यालयात बोलावण्यात आलं.

मला हे कळलं ते मावशीच्या फोनवरून. दुपारची वेळ होती. ती शांतपणे बोलत होती.

"सायबानं एक कागद वाचून दावला. लय शिकलेल्या मान्सानं लिवलंय म्हणं. समदं त्या कागदावर अडलंय. पर त्यावर नाव न्हाई."

"बरं," मी म्हणालो.

"तू कंप्युटरमदला हायेस. तुला घावंल. कोन हाय त्यो, शोधून दे मला."

मी म्हणालो, "बघतो."

हा एक शब्द बोलायला मला किती वेळ लागला कुणास ठाऊक, पण तिने तो वेळ दिला, हे मला नंतर आठवलं. फोन ठेवल्यावर मी खोलीचं दार लावून घेतलं. मग मी काय केलं ते लिहायला लाज वाटते. पानावरून ते ताडपत्रीचं वाक्य काढलं. तेवढ्याने भागत नव्हतं, कारण बदलांची नोंद उघडी होती. काय काढलं, कधी काढलं, सगळं दिसलं असतं. म्हणून मी ती नोंदच मागे जाऊन बदलली, जणू ते वाक्य तिथे कधी नव्हतंच. मी लोकांना जे कधी करू नका म्हणून सांगत होतो नेमकं तेच, आणि ते मला चार मिनिटांत जमलं. पहिल्या भागातला तो मोठा परिच्छेद तसाच वर उभा होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी पुन्हा कामाला लागलो.

पुढचे दहा दिवस मी मावशीला फोन केला नाही. तिचाही आला नाही. जेवताना आबा सहज म्हणाले, "तिची टपरी उठवली म्हणं. काय मान्सं असत्यात." मी भाकरी मोडत राहिलो. घरात आम्ही दोघंच, त्यामुळे गप्प बसलं की ते लगेच दिसतं. मीटिंगमध्ये माईक बंद करून गप्प बसता येतं. ताटावर ती सोय नाही.

अकराव्या दिवशी, मंगळवारी, मावशी स्वतः आली. लोकलने कान्ह्याला उतरून, तिथून वडापच्या जीपने टाकव्याला. पिशवीत आबांसाठी दोन कणसं आणि त्या कागदाची झेरॉक्स. आबा पलंगावर बसले होते. तिने त्यांच्या पाया पडून तब्येत विचारली, चहा स्वतःच केला, आणि मग झेरॉक्स माझ्या हातात दिली.

"वाच जरा. मला बारीक अक्षर दिसत न्हाई. दाजींनाबी ऐकूदे, काय लिवलंय ते."

माझंच लिखाण माझ्या हातात होतं. वरच्या कोपऱ्यात शिक्का, कडेला कुणाच्या तरी पेनने मारलेल्या रेघा. त्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. पानावरून मी ते पुसलं होतं, नोंदीतून पुसलं होतं, आणि ते इथे, सरकारी शिक्क्याखाली, कुठल्यातरी फायलीत मूळ प्रत ठेवून माझ्या घरी चहाला आलं होतं.

मी वाचायला लागलो. एका बाजूला आबा, कानामागे हात धरून ऐकत. दुसऱ्या बाजूला मावशी, जमिनीकडे बघत. दारातून निघून जावं असं इतक्या जोरात मला कधी वाटलं नव्हतं. पण दारात मावशी बसली होती. वाक्य जवळ आलं. मी आधीचं वाक्य जरा लांबवलं, श्वास घेतला आणि पुढच्या वाक्यावर गेलो. "दोन्ही बाजूंच्या टपऱ्या उठवा, रस्ता आपोआप मोकळा होईल."

आबा म्हणाले, "कोन हाय हा शाना?"

मावशी म्हणाली, "शोधतोय की पोरगा."

ती निघाली तेव्हा मी तिला जीपपर्यंत सोडायला गेलो. वाटेत ती कुणाच्या म्हशीबद्दल बोलली, कुणाच्या घराच्या पत्र्याबद्दल बोलली. जीप भरायला वेळ होता. ती भिंतीच्या कट्ट्यावर टेकली आणि पदराने तोंड पुसून म्हणाली,

"ताडपत्रीचं वाचलं न्हाईस."

मी जीपकडे बघत राहिलो.

"सायबानं समदं वाचलं व्हतं. मी पुढंच बसलेली. त्या टायमाला ताडपत्री धरनारी मी, आडोशाला दाजी, आन् तू. चौथं कोन व्हतं तितं?"

"मग मावशी, फोनवर शोधायला का सांगितलंस मला?"

"तू सांगशील म्हनून."

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, माझा तोच धंदा होता. ती नुसती दमलेली होती.

थोड्या वेळाने म्हणाली, "दाजींच्या म्होरं वाचाया लावलं ही माजी चूक, गाळलंस ते बरं केलंस. त्यांना न्हाई सोसायचं. पर परवा बिस्तरवारी पुन्हा बोलवलंय कार्यालयात. तू ये. त्यो कागद माजा हाय म्हनून सांग, आन् ती टपरी नसती तर काय झालं असतं तेबी सांग. मंग सायबाला काय करायचं त्ये करूदे."

जीपवाल्याने हॉर्न दिला. ती चढली. बसता बसता म्हणाली, "नाव घालून दे."

परत येताना मला कळलं की मी पुरता सापडलो होतो. बोललो नाही तर मावशीची टपरी जाणार. बोललो तर नाव द्यावं लागणार, आणि आमच्याकडे नाव एकट्याचं नसतं. आधी स्वतःचं, मधे बापाचं, मग आडनाव. लेखी जबाबावर पूर्ण नाव लागतं. "सत्तरी ओलांडलेला माणूस" कोण, हे कुणाला विचारायची गरजच उरणार नव्हती. तो माझ्या नावाच्या मधोमध उभा राहणार होता. तालुक्यातल्या कार्यालयात कोपऱ्याकोपऱ्यावर ओळखीचं माणूस असतं. संध्याकाळपर्यंत गावात आलं असतं. आबांनी उभ्या आयुष्यात कुणासमोर सदऱ्याचं वरचं बटणही उघडं ठेवलं नाही.

घरी आलो तर आबा तिथेच बसले होते. झेरॉक्स पलंगावर राहिली होती. त्यांना चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि चष्मा कपाटात होता, हे मी आधी बघितलं. इतका मी खाली उतरलो होतो.

"काय म्हनली?" त्यांनी विचारलं.

मी बसलो. पुन्हा बघतो, उद्या सांगतो, असं काहीतरी जिभेवर आलं होतं. मग झेरॉक्स उचलली आणि ते एक वाक्य वाचलं. सरळ वाचलं, "अर्ध्या भिजल्या कपड्यांनी" सकट. आणि म्हणालो, "आबा, हे मी लिहिलंय. सगळं मीच लिहिलंय."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. बाहेर कुणाचा तरी ट्रॅक्टर गेला. मला वाटलं आता उठून जातील, किंवा मला जा म्हणतील. कुठे जाणार होतो?

"टॉवेल," ते म्हणाले.

"काय?"

"तिचा टॉवेल. आपल्याकडंच हाय. धुऊन ठेवलाय कपाटात. द्यायचा ऱ्हायला." मग म्हणाले, "माजं लिवलंस, त्याचं काय न्हाई. म्हातारा झालो, व्हतं. पर जिनं धरलं तिलाच उठवलंस?"

याला माझ्याकडे मत नव्हतं. मी रडलो, बऱ्याच वर्षांनी.

गुरुवारी मी रजा टाकली. आबा सकाळीच अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गाडीत जाऊन बसले होते. मांडीवर घडी केलेला टॉवेल. मी म्हणालो, "आबा, तुम्ही कशाला? मी जाऊन येतो." ते म्हणाले, "तू गाडी चालव."

टपऱ्यांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण त्यात माझा मोठेपणा काही नाही. निकाल अजून लागलेला नाही. कागद फिरतो आहे. मावशी शनिवार-रविवारी छत्री आणि टोपली घेऊन उतारावर बसते, आणि अतिक्रमण हटवणाऱ्यांची गाडी आली की उठते. माझ्या पानावर चालू घडामोडींचा भाग आता रिकामा आहे. ते वाक्य मी परत जागेवर ठेवलं आहे, खाली नवी नोंद केली आहे, आणि तळाला पूर्ण नाव आहे. वाचणारे कमी झाले आहेत.

त्या गुरुवारी कार्यालयात टपरीवाल्या बायका दोन बाकांवर बसल्या होत्या. मावशीने आबांना बघितलं आणि ती उठून उभी राहिली. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत यांना कशाला आणलंस असा राग होता. आबा तिच्याजवळ गेले, टॉवेल तिच्या हातात दिला आणि मागच्या बाकावर बसले.

साहेबांसमोर मी सांगितलं, की तो कागद माझा आहे, आणि त्यातली ताडपत्री माझ्या मावशीच्या टपरीची आहे. रस्ता गाड्यांनी अडला होता; त्या दिवशी आम्हाला कुणी सोडवलं असेल तर या टपरीने. बोलताना माझा आवाज नीट नव्हता. लिहिताना तो किती खणखणीत असायचा.

साहेबांनी कारकुनाला जबाब लिहून घ्यायला सांगितलं. कारकुनाने पेन उघडून विचारलं, "पूर्ण नाव?"

मी माझं नाव सांगितलं आणि थांबलो. पुढे आबांचं नाव यायचं होतं. मागे सगळ्या बायका ऐकत होत्या.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आबांचा आवाज आला. ते उभे होते. त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं, मोठ्याने, पंचायतीत सांगावं तसं, आणि म्हणाले, "लिवा. त्यो म्हातारा मीच."

कारकुनाने लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं, आणि मी आडनाव सांगितलं.